'हाय, कोलॅब?' या मेसेजला ब्रँड उत्तर का देत नाहीत? दिव्यातल्या क्रिएटरने पहिली डील कशी मिळवायची?

'हाय, कोलॅब?'

ब्रँडच्या इनबॉक्समध्ये असे मेसेज रोज येऊन पडतात. बहुतेकांना उत्तर मिळत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, आपले फॉलोअर्स कमी आहेत म्हणून. किंवा आपण बांद्र्या-अंधेरीत राहत नाही, दिव्यात राहतो म्हणून.

पण बऱ्याचदा अडचण वेगळीच असते. या मेसेजमधून समोरच्याला काहीच कळत नाही. पाठवणारा कोण, तो काय बनवतो, ते कोण बघतं आणि ब्रँडचा त्यात फायदा काय, यातलं काहीच त्यात नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. उत्तर आलं की खरी परीक्षा सुरू होते. पैसे किती मागायचे? व्हिडिओवर हक्क कुणाचा? 'जाहिरात' असं लिहायचं का? टॅक्सचं काय? आणि पैसे दिलेच नाहीत तर? हे माहीत नसेल तर पहिली डील फुकटात जाऊ शकते. चुकीची जाहिरात केली तर दंडही होऊ शकतो.

हे सगळं एकेक करून समजून घेऊया.

ब्रँड तुमच्यात नेमकं काय बघतो?

ढोबळमानाने 1 हजार ते 10 हजार फॉलोअर्स असलेल्यांना या धंद्यात 'नॅनो' आणि 10 हजार ते 1 लाखवाल्यांना 'मायक्रो' क्रिएटर म्हणतात. मोठ्या सेलिब्रिटीपेक्षा असे छोटे क्रिएटर अनेक ब्रँडना सोयीचे पडतात. खर्च कमी असतो आणि प्रेक्षक ठरावीक भागातला किंवा ठरावीक आवडीचा असतो.

म्हणजे प्रश्न फक्त 'किती लोक' असा नसतो. 'कोणते लोक' हेही विचारलं जातं.

इथे दिव्यात राहणं ही अडचण नसून ओळख ठरू शकते. दिवा जंक्शनवरून एक फाटा वसईला जातो, दुसरा पनवेलला. सावंतवाडीला जाणारी गाडी इथूनच सुटते. चाळींमध्ये आणि नव्या इमारतींमध्ये कोकणातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी या मूळ गावांमध्ये आगरी-कोळी समाज आहे. रोज लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार वर्ग आहे. स्वस्त घर, डबा, प्रवास, मुलांचे क्लास, गावाकडचे सण, हे या लोकांचे रोजचे विषय आहेत. हे विषय ज्याच्या व्हिडिओत आहेत, त्याच्याकडे काही ब्रँडना हवा असलेला प्रेक्षक आधीच आहे.

आपल्या भागाची भाषा चालते, याची उदाहरणं समोर आहेत. विनायक माळी आगरी बोलीतल्या विनोदी व्हिडिओंमुळे महाराष्ट्रभर ओळखला गेला. ठाण्याची प्राजक्ता कोळी 2015 मध्ये 'मोस्टलीसेन' हे यूट्यूब चॅनल सुरू करण्याआधी रेडिओ स्टेशनवर इंटर्न होती. तिने घरातल्या, कॉलेजातल्या रोजच्या गोष्टींवर व्हिडिओ केले. पुढे नेटफ्लिक्सच्या मालिकेपर्यंत ती पोहोचली. सगळ्यांचा प्रवास असा होत नाही. पण दोघांच्याही बाबतीत आधी प्रेक्षक ठरला आणि ब्रँड नंतर आले.

सुरुवात कुणापासून करायची?

पहिलाच मेल देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला पाठवायची गरज नाही. तीन पायऱ्या करता येतात.

पहिली पायरी, चालत जाण्याच्या अंतरावरचे धंदे. पोळी-भाजी केंद्र, ब्युटी पार्लर, जिम, साडीचं दुकान, केक बनवणाऱ्या ताई, कोकण मेवा विकणारे काका. इथे मेल चालत नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दुकानात जाऊन बोलायचं, मोबाइलवर आधीचा एखादा व्हिडिओ दाखवायचा. पैसे कमी मिळतील, पण 'या रीलनंतर इतक्या लोकांनी फोन केला' असं सांगण्यासारखं पहिलं उदाहरण तयार होईल.

दुसरी पायरी, ठाणे, डोंबिवली, कल्याणमधले मध्यम व्यवसाय आणि ऑनलाइन विकणारे छोटे मराठी ब्रँड. मसाले, कपडे, दागिने, पुस्तकं, सौंदर्यप्रसाधनं विकणारे अनेक जण इन्स्टाग्रामवरच असतात. त्यांचं पेज चालवणारा माणूस बऱ्याचदा मालक स्वतः असतो. त्यामुळे निर्णय पटकन होतो.

तिसरी पायरी, मोठ्या कंपन्या. यांचं काम अनेकदा एजन्सीमार्फत चालतं. कंपनीच्या पेजवर डीएम करण्यापेक्षा लिंक्डइनवर त्या ब्रँडचं 'इन्फ्लुएन्सर मार्केटिंग' सांभाळणारी व्यक्ती शोधणं जास्त उपयोगाचं ठरतं. इन्स्टाग्रामचं क्रिएटर मार्केटप्लेस आणि यूट्यूबवरची ब्रँड-क्रिएटर जोडणी या सोयीही आहेत. त्यांच्या अटींमध्ये बसत असाल तर ब्रँड तिथूनही तुम्हाला शोधू शकतो.

कोणत्याही पायरीवर एक नियम पाळायचा. जी वस्तू तुम्ही स्वतः वापरता किंवा वापराल, तिथूनच यादी सुरू करायची. वीस ब्रँडची यादी, प्रत्येकासमोर संपर्क, मेसेज पाठवल्याची तारीख आणि उत्तर, एवढी साधी एक्सेल शीट पुरते.

मेसेजमध्ये काय लिहायचं?

चांगल्या मेसेजमध्ये पाच गोष्टी असतात: तुम्ही कोण, तुमचा प्रेक्षक कोण, याच ब्रँडला का लिहिलं, एक ठोस कल्पना आणि पुढे काय करायचं. सगळं मिळून दहा ओळींच्या आत.

समजा, दिव्यातली एक तरुणी डब्याच्या रेसिपीचे रील बनवते आणि तिला मसाल्याच्या एका छोट्या ब्रँडला लिहायचं आहे. तिचा मेसेज असा असू शकतो:

'नमस्कार ताई, मी दिव्याहून लिहितेय. सकाळच्या लोकलआधी 20 मिनिटांत होणाऱ्या डब्याच्या रेसिपी मी इन्स्टाग्रामवर करते. माझे 6,200 फॉलोअर्स आहेत, त्यातले बहुतेक ठाणे-कल्याण पट्ट्यातले आहेत. गेल्या महिन्यातले तीन रील प्रत्येकी 20 हजारांहून जास्त वेळा बघितले गेले. तुमचा मालवणी मसाला आमच्या घरी गेलं वर्षभर वापरतो. गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी "प्रवासात टिकणारा डबा" अशी तीन रीलची मालिका करायचा विचार आहे. त्यात तुमचा मसाला नीट बसेल. रीलच्या लिंक आणि माझी माहिती सोबत जोडली आहे. तुम्हाला पटलं तर या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलूया का?'

या मेसेजमध्ये 'मला काम द्या' अशी विनवणी नाही. आकडे आहेत, पण फुगवलेले नाहीत. कल्पना त्या ब्रँडसाठीच सुचलेली आहे, तोच मेसेज दुसऱ्याला पाठवता येणार नाही. शेवटी समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं आहे.

मोठ्या कंपनीला मेल इंग्रजीत लिहावा लागू शकतो. मुद्दे हेच राहतात. मेलच्या विषयात 'कोलॅबरेशन' एवढंच न लिहिता कल्पना लिहायची.

वेळही महत्त्वाची असते. दिवाळीच्या आठवड्यात दिवाळीची कल्पना पाठवून उपयोग नसतो, कारण तोवर कंपनीचं बजेट ठरलेलं असतं. मोठ्या सणासाठी दोन-तीन महिने आधी लिहिलेलं बरं.

उत्तर आलं नाही तर साधारण आठवड्याने एकदा आठवण करायची. त्यानंतर पुन्हा एकदा. मग थांबायचं. रोज 'प्लीज रिप्लाय' असा मेसेज टाकला तर पुढच्या वेळचं दारही बंद होतं.

मीडिया किट म्हणजे काय?

मीडिया किट म्हणजे क्रिएटरचा बायोडेटा. एक-दोन पानांची पीडीएफ पुरते. त्यात नाव, विषय, फॉलोअर्स, गेल्या 30 किंवा 90 दिवसांतला रीच, प्रेक्षकांचं शहर, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण, तीन-चार चांगल्या कामांच्या लिंक आणि संपर्क एवढं असावं. हे आकडे इन्स्टाग्रामच्या 'इनसाइट्स'मध्ये आणि यूट्यूब स्टुडिओत मिळतात. त्यासाठी इन्स्टाग्राम खातं 'प्रोफेशनल' करावं लागतं.

विकत घेतलेले फॉलोअर्स इथेच उघडे पडतात. 50 हजार फॉलोअर्स आणि रीलला 300 व्ह्यूज, हे गणित कुठल्याही मार्केटिंगवाल्याच्या लगेच लक्षात येतं.

आधी कुठल्याच ब्रँडचं काम केलेलं नसेल तर? स्वतः वापरत असलेल्या एखाद्या वस्तूवर नमुना व्हिडिओ बनवायचा. फक्त तो ब्रँडने करून घेतलाय असं भासवायचं नाही.

पैसे किती मागायचे?

यासाठी ठरलेलं सरकारी किंवा बाजारातलं दरपत्रक नाही. म्हणून आधी स्वतःचा खर्च मोजायचा.

समजा, एका रीलसाठी अर्धा दिवस शूट, एक दिवस एडिटिंग आणि अर्धा दिवस स्क्रिप्ट व बदल, असे दोन दिवस जातात. तुमच्या दिवसाची किंमत तुम्ही 1,500 रुपये धरली तर मेहनतीचेच 3,000 झाले. प्रवास, सामान, एखाद्या मित्राने कॅमेरा धरला तर त्याचे पैसे, असे 1,000 धरले तर 4,000. याच्या खाली गेलात तर तुम्ही खिशातून पैसे घालून ब्रँडची जाहिरात करताय. हा झाला तळ. तुमचा रीच, विषय आणि मागणी यांवर दर त्याच्या वर जाईल.

दर सांगताना कामाचे तुकडे वेगळे ठेवायचे. रील, स्टोरी, फोटो पोस्ट यांचे वेगळे दर. किती वेळा बदल करून देणार, ते वेगळं. तुमचा व्हिडिओ कंपनी स्वतः पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणार असेल तर त्याचे वेगळे पैसे. 'पुढचे तीन महिने दुसऱ्या मसाल्याचं काम करायचं नाही' अशी अट असेल तर त्याचेही वेगळे, कारण तेवढं काम तुम्ही सोडून देताय.

बजेट कमी आहे असं समोरचा म्हणाला तर दर पाडण्याआधी काम कमी करायचं. तीन रीलऐवजी एक रील, किंवा रील आणि एकच स्टोरी.

बार्टर म्हणजे पैशांऐवजी वस्तू. सुरुवातीला ते सगळेच करतात आणि त्यात चूक नाही. मात्र वस्तू तुम्हाला खरंच हवी असेल आणि तिची किंमत मेहनतीच्या जवळ जात असेल तरच. 400 रुपयांच्या फेसवॉशसाठी दोन दिवस घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

व्हिडिओ कुणाच्या मालकीचा?

इथे बहुतेक नवे क्रिएटर फसतात.

'मी शूट केलं, मी एडिट केलं, म्हणजे व्हिडिओ माझा' असं वाटणं साहजिक आहे. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 वेगळं सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला, चित्र काढलं किंवा फिल्म बनवली आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला हक्क ज्याने ते काम करून घेतलं त्याचा असू शकतो. म्हणजे करारच नसला तर फायदा ब्रँडचा. तुमचा चेहरा असलेला व्हिडिओ उद्या होर्डिंगवर किंवा दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत दिसला तर भांडायला हातात फारसं काही राहत नाही.

म्हणून लेखी ठरवायचं. व्हिडिओची मालकी क्रिएटरकडे, ब्रँडला वापराची परवानगी, ती किती दिवस, कोणत्या प्लॅटफॉर्मवर आणि कोणत्या भागात. हक्क पूर्ण देऊन टाकायचे ठरले तरी ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 नुसार ती 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो.

छोट्या दुकानदाराशी दहा पानी करार कुणी करत नाही. पण काम, तारीख, रक्कम, ॲडव्हान्स, बदल किती, वापर किती दिवस आणि पैसे कधी, हे सात मुद्दे मेलवर लिहून 'मान्य आहे' असं उत्तर मागवता येतं. नुसत्या फोनवरच्या बोलण्यापेक्षा हा पुरावा कधीही बरा.

आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं. इन्स्टाग्रामवर साध्या रीलला वापरता येणारी फिल्मी गाणी जाहिरातीच्या रीलला चालतीलच असं नाही. व्यावसायिक वापराचे हक्क वेगळे असतात. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओत हक्कमुक्त संगीत वापरणं सुरक्षित.

'जाहिरात' असं लिहावंच लागतं का?

हो. पैसे घेतले असोत, फुकट वस्तू, सवलत किंवा सहल, ते प्रेक्षकाला सांगावं लागतं.

जाहिरात क्षेत्राचं स्वनियमन करणाऱ्या 'ॲस्की' या संस्थेने इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम मे 2021 मध्ये जाहीर केले आणि ते 14 जून 2021 पासून लागू झाले. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरसाठी सोप्या भाषेतली पुस्तिका काढली.

त्याचा सार असा. 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पेड पार्टनरशिप' असा शब्द सहज दिसेल असा हवा. वीस हॅशटॅगच्या गर्दीत किंवा 'अधिक वाचा'च्या खाली दडवलेला नको. व्हिडिओत तो दिसायला आणि ऐकूही यायला हवा. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ दिसायला हवा. जाहिरात ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, म्हणजे मराठी रीलला मराठीतला. 'थँक यू' लिहून ब्रँडला टॅग करणं म्हणजे खुलासा नव्हे.

दिशाभूल करणारी जाहिरात केली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तिचा प्रचार करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदी येऊ शकते.

यातून सुटकेचा मार्गही त्याच कायद्यात आहे. दाव्याची खरीखुरी पडताळणी केली होती, हे दाखवता आलं तर प्रचार करणाऱ्यावर दंडाची जबाबदारी येत नाही. म्हणून 'सात दिवसांत केसगळती बंद' असं वाक्य स्क्रिप्टमध्ये आलं तर कंपनीकडे त्याचा पुरावा मेलवर मागायचा आणि तो मेल जपून ठेवायचा.

बिल्डरची ऑफर आली तर?

दिवा, डोंबिवली, कल्याण भागातल्या क्रिएटरला चांगले पैसे देऊ शकणारा स्थानिक 'ब्रँड' कोण? बऱ्याचदा उत्तर येतं, बिल्डर किंवा इस्टेट एजंट. 'स्टेशनपासून पाच मिनिटं, इतक्या लाखांत वन बीएचके' असे रील या पट्ट्यात सतत फिरत असतात.

जोखीमही इथेच सगळ्यात मोठी आहे. डोंबिवली परिसरातल्या 65 बेकायदा इमारतींचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचं त्यात उघड झालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. कर्ज काढून तिथे घर घेतलेली कुटुंबं अडचणीत आली. 2025 मध्ये दिव्याजवळच्या शीळ परिसरातल्या अनधिकृत इमारतींवरही न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली.

कायदा काय सांगतो? 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीआधी करता येत नाही. 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा 8 पर्यंत घरं असलेल्या प्रकल्पांना यातून सूट आहे. महाराष्ट्रात जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो.

म्हणून रील करण्याआधी तीन गोष्टी करायच्या. महारेराचा क्रमांक मागून तो महारेराच्या वेबसाइटवर तपासायचा. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेकडून तपासून घ्यायचं, कारण 65 इमारतींच्या प्रकरणात नोंदणी क्रमांक असूनही घोटाळा झाला होता. आणि बिल्डर टाळाटाळ करत असेल तर काम सोडायचं.

कारण हा रील बघून घर घेणारा माणूस कुठेतरी दूर राहत नाही. तो त्याच फलाटावर, त्याच गाडीची वाट बघत उभा असतो.

आणखी कुठल्या जाहिराती टाळायच्या?

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि बेटिंग ॲप. छोट्या क्रिएटरला मोठी रक्कम देऊ करणाऱ्यांत हे पुढे असतात. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आहे. त्यांची जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेअर बाजाराच्या टिप्स आणि औषधं, उपचार यांचंही तसंच. गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. आरोग्याचा सल्ला द्यायचा तर त्या विषयातली पात्रता लागते आणि ती प्रेक्षकाला सांगावी लागते.

टॅक्सचं काय?

दिवसातून एखादा रील करणाऱ्यालाही हे लागू होतं, कारण कमाई ही कमाईच.

कंपनी व्यावसायिक फी म्हणून पैसे देत असेल आणि वर्षाची रक्कम 50 हजारांच्या वर गेली तर साधारणपणे 10 टक्के टीडीएस कापला जातो. म्हणजे 60 हजारांच्या बिलावर 6 हजार कापून 54 हजार हातात येतात. कापलेले पैसे बुडत नाहीत. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळवता येतात. पॅन दिला नाही तर मात्र 20 टक्के कापले जाऊ शकतात.

फुकट मिळालेली वस्तूही यात येते. 1 जुलै 2022 पासूनच्या नियमानुसार एका कंपनीकडून वर्षात 20 हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्या तर त्यावर 10 टक्के टीडीएस लागतो. 25 हजारांचा फोन रिव्ह्यूसाठी आला आणि तुम्ही ठेवून घेतला, तर अडीच हजारांचा प्रश्न येतो. फोन परत केला तर नाही. 'फ्री' फोन घेण्याआधी हे विचारून घ्यायचं.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून क्रमांक पाठ करण्यापेक्षा नियम लक्षात ठेवलेला बरा. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर लागते.

ब्रँडने पैसेच दिले नाहीत तर?

'अकाउंट्सकडे टाकलंय', 'पुढच्या सायकलमध्ये होईल', 'क्लायंटकडून आले नाहीत' ही उत्तरं या क्षेत्रात नवी नाहीत. महिनोन्‌महिने पैसे अडकतात. दिव्याच्या चाळीत भाडं भरणाऱ्या मुलासाठी अडकलेले आठ-दहा हजार ही छोटी रक्कम नसते.

इथे एक सरकारी सोय कामाला येते, पण ती अनेकांना माहीत नसते. ती म्हणजे 'उद्यम' नोंदणी. क्रिएटरचं काम ही सेवा आहे, त्यामुळे एकट्याने काम करणाराही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. फक्त काम घेण्याच्या आधी नोंदणी झालेली असायला हवी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून उपयोग होईलच असं नाही.

बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असेल तर आठवणीचा मेल लिहिणंही सोपं जातं. '45 दिवस पूर्ण झाले आहेत' हे वाक्य 'सर, प्लीज बघा ना'पेक्षा जास्त काम करतं. आणि नव्या ब्रँडकडून अर्धे पैसे आधी मागण्यात संकोच नको. साडीला फॉल-बिडिंग करणारी ताईसुद्धा मोठ्या ऑर्डरला ॲडव्हान्स घेते.

खोटी ऑफर कशी ओळखायची?

खरा ब्रँड काम देण्यासाठी पैसे मागत नाही. 'रजिस्ट्रेशन फी भरा', 'आधी प्रॉडक्ट विकत घ्या, नंतर पैसे परत देऊ' असं म्हटलं की तिथेच थांबायचं.

मोठ्या कंपनीचा मेल साध्या जीमेलवरून आला असेल तर कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून खात्री करायची. 'ब्रीफ उघडण्यासाठी लॉगिन करा' असं सांगणारी लिंक किंवा अनोळखी फाइल उघडायची नाही. यूट्यूबरची चॅनल्स याच मार्गाने चोरली जातात. कुणालाही ओटीपी द्यायचा नाही. अनोळखी ठिकाणी शूटला बोलावलं तर एकट्याने जायचं नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

मग आज काय करायचं?

या आठवड्यात तीन कामं पुरेशी आहेत. एक, उद्यम नोंदणी. दोन, एक पानाची मीडिया किट. तीन, स्वतः वापरत असलेल्या वीस वस्तूंची आणि दुकानांची यादी करून त्यातल्या पाच जणांना, प्रत्येकाला वेगळा मेसेज.

पाचातल्या चौघांचं उत्तर येणार नाही, हे धरून चालायचं. पाचवा म्हणेल, 'किती घेणार?' तेव्हा आकडा तयार असला पाहिजे.